सफरचंद सरकारने पाडलं

झागोर्काच्या डाव्या पोटरीत गोळी शिरली तेव्हा तो पाय हवेत होता. कोलोच्या नाचात रांग वळवताना म्होरक्याला डावा पाय उचलावाच लागतो, आणि गोर्नी द्रेन गावात कोलोचा म्होरक्या म्हणजे झागोर्का, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्न असो, बारसं असो, चर्चचा सण असो, ती रुमाल फिरवत पुढे झाली की अख्खं गाव हातात हात गुंफून तिच्या मागे. साठी उलटली तरी तिच्यामागे नाचताना तरण्याताठ्या पोरांना धाप लागायची. "पाय खाली असता तर वाचले असते," ती पुढे सगळ्यांना सांगायची, "पण मग गोळी मागच्या म्हाताऱ्या मिलोयेला लागली असती, आणि तो तर नुसत्या आवाजानेच गेला असता."

गोळी सरकारी होती. सगळी भानगड तिथेच होती.

त्याचं असं झालं. शेजारच्या रादोसावच्या लेकीचं, यागोदाचं लग्न होतं. मुलीच्या घरावर उंच काठी लावून तिच्या टोकाला सफरचंद बांधायचं, नवऱ्याकडच्यांनी ते गोळीने पाडायचं आणि मगच मुलीने उंबरा ओलांडायचा, ही आमच्याकडची रीत. शहाणा बाप काठी बेताची लावतो. पण रादोसावची लेक म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत, आणि ती चालली होती थेट राजधानीला. मग या पठ्ठ्याने काय करावं? रानातला सगळ्यात उंच बर्च तोडला, धान्याच्या कोठाराच्या आढ्यावर, वाऱ्यावर फिरणाऱ्या लोखंडी कोंबड्याला खेटून उभा केला आणि टोकाला एवढंसं आंबट सफरचंद बांधलं. खालून ते बोरासारखं दिसत होतं.

नवरा ओग्न्येन दातांचा डॉक्टर. स्वभावाने गरीब गाय. दाढ उपटण्यापलीकडे त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्याने बंदूक हातात घेतली तीच उलटी. त्याचा नेम चुकला. त्याच्या मामाने कौल फोडलं. लग्नाचा साक्षीदार, म्हणजे त्याचा कूम, शेखी मिरवत पुढे आला आणि त्याने धुराडं उडवलं. ट्रंपेटवाल्यांचे गाल सुजले, भाजलेलं कोकरू वाळून कोळसा झालं, पण सफरचंद आपलं ढिम्म.

"ही काठी आहे की चर्चचा मनोरा?" नवऱ्याचा मामा ओरडला.

"नेम नसेल तर पुढच्या रविवारी या," रादोसाव म्हणाला. "पोरगी कुठे पळून चालली नाही."

"पोरगी द्यायची नव्हती तर बोलावलंस कशाला रे, कंजूष माणसा?"

कंजूष म्हटल्यावर रादोसावच्या धाकट्या भावाने खुर्ची फेकली. मग नवऱ्याकडच्यांनी बाक फेकला. यागोदा आतून खिडकीवर थापा मारून रडायला लागली, आणि तिची आई पेर्सिदा, मोठी खमकी बाई, तिने सरळ पोलीस चौकीला फोन लावला.

चौकीतून आला तिहोमिर. तो यागोदाचा सख्खा चुलत भाऊ. त्या दिवशी नेमकी ड्यूटी लागली म्हणून बिचाऱ्याला लग्नाला येता आलं नव्हतं, तो असा सरकारी गाडीतून आला. दारातच पेर्सिदाकाकूने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि हातात राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या दारूचा, पेला दिला. पेला त्याने परत केला, पण टोपी राहिली खुंटीवर. मग तो या गटाला समजावू लागला तर तो गट चिडे, त्या गटाला समजावू लागला तर हा. शेवटी रादोसावने त्याला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं. ट्रंपेटच्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू आलं नाही. तिहोमिर आत गेला, बाहेर आला, पिस्तूल काढलं आणि पहिल्याच गोळीला देठ तोडला.

काय जल्लोष झाला म्हणता! झागोर्काने तर सफरचंद खाली पडायच्या आतच रांग धरली, पाय उचलला. पण देठ तोडून गोळी लोखंडी कोंबड्यावर आपटली, 'टण्ण' झालं, आणि तिथून वळली ती सरळ झागोर्काच्या पोटरीत. ट्रंपेटवाले वाजवतच राहिले, म्हणून तीही दोन पावलं आणखी नाचली. मग खाली बघून म्हणाली, "अगं बाई, हे काय आता?"

गोळी निघाली, जखम भरली, पण पाय आखडला तो आखडलाच. झागोर्काच्या हातात काठी आली आणि गावातला कोलो कुणाच्या मागे जायचं ते न कळून जागच्या जागी घुटमळायला लागला.

तिहोमिर तर निम्मा झाला. दर रविवारी यायचा, तिची लाकडं फोडायचा, आणि जाताना टोपी हातात चुरगाळत उभा राहायचा. झागोर्का त्याच्या नात्यातली नव्हती, पण तिला सगळे आत्याच म्हणायचे. "आत्या, मला माफ कर गं."

"लाकडं नीट रच," झागोर्का म्हणायची. "माफीबिफी मागू नकोस मला. पिस्तूल तुझं होतं का? गाडी तुझी होती? तुला काय तुझ्या बायकोने पाठवलं होतं तिथे? ज्याचं पिस्तूल त्याची माफी. तुझी घेऊन काय चुलीत घालू?"

तो मान खाली घालून जायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचा. पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्याची आई गेली तेव्हा हिच्याच स्वयंपाकघरात तो जेवायचा. आता स्वतःच बाप होणार होता, आणि चेहरा असा की जणू तेराव्याला बसलाय.

झागोर्काने भरपाई आणि माफी मागणारा अर्ज सरकारला धाडला होता, मग त्याचं उत्तर आलं. सदर शिपाई कौटुंबिक समारंभात नातेवाईक या नात्याने सहभागी झाला होता, सबब सरकारचा संबंध नाही. बाईंना वाटल्यास त्यांनी शिपायावर दावा लावावा. म्हणजे झालं काय, की गोळी तिहोमिरची एकट्याची ठरली तर भरपाई त्याने भरायची, वर सरकारी पिस्तूल हौसेखातर चालवलं म्हणून नोकरीवरून हाकलला जायचा. त्याने व्हिएन्नाला फरशा बसवायच्या कामाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" झागोर्का काठी आपटून म्हणाली. "दरोडेखोर पकडला तेव्हा याच्या छातीवर बिल्ला लावायला मंत्री आला होता. तेव्हा हा सरकारचा. आणि गोळी चुकली की आमचा? वा रे वा!" आणि तिने सरकारवर खटला भरला.

तिची वकील दुब्राव्का, तरुण आणि तिखट पोरगी. ती म्हणाली, "आत्या, सगळा खटला एका गोष्टीवर आहे. त्याला गोळी झाडायला कुणी सांगितलं, आणि काय म्हणून सांगितलं? पुतण्या म्हणून की पोलीस म्हणून? तिहोमिर सांगेल, पण त्याच्या बोलण्याला वजन नाही, त्याची स्वतःचीच मान अडकलीय. रादोसाव बोलला पाहिजे."

आणि रादोसाव तर झागोर्काशी बोलतच नव्हता. खटल्याचं कळल्यापासून त्याचं तोंड फुगलेलं. त्याच्या झाडाची प्लमं कुंपणापलीकडे हिच्या अंगणात पडायची, ती वर्षानुवर्षं हीच वेचायची. आता तो खाली पडायच्या आधीच फांदी ओढून तोडून न्यायचा. झागोर्का शेवटी स्वतःच कुंपणाशी गेली.

"रादोसाव, पोराचा प्रश्न आहे. तुझ्या सख्ख्या भावाचं पोर."

"माझ्या लेकीचं लग्न तू कोर्टात नाचवायला निघालीस," तो झाडाकडे बघत म्हणाला. "धुराडं, खुर्च्या, सगळं त्या काळ्या कोटवाल्यांपुढे उगाळणार. जगात हसं होईल तिचं."

"तू कानात काय सांगितलंस एवढंच सांग. बाकी मी बघते."

"मी प्यालेलो होतो. मला काही आठवत नाही."

"तुला? तुला तर मी लहानपणी चोरलेलं भोपळ्याचं बीसुद्धा आठवतं!"

पण दगडाला पाझर फुटेल, रादोसावला नाही. झागोर्का घरी आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला भीती वाटली. आपण जिद्दीने खटला भरला खरा, पण हरलो तर त्या पोराच्या गळ्यात आपणच फास अडकवला, असं होईल. तिने सूप केलं, ते तिला जाईना.

खटल्याच्या दिवशी अख्खं गाव बस करून तालुक्याला निघालं. चीज भरून भाजलेली पाई, उकडलेली अंडी, कांद्याच्या पाती, सगळं बरोबर; कोर्टात भूक लागत नाही असं कुणी सांगितलंय? रादोसावही आला. "बायको आली म्हणून आलो," असं बसमधल्या प्रत्येकाला सांगत, हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसला.

न्यायाधीशबाई जाड चष्म्याच्या, गंभीर चेहऱ्याच्या. सरकारी वकील राजधानीहून आलेला, चापून चोपून भांग पाडलेला, जिभेवर साखर. त्याने आधी तिहोमिरला उभं केलं.

"सफरचंद पाडणं हे पोलिसाचं काम आहे, असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

"कुठेच नाही, साहेब."

"मग का पाडलंत?"

"मला भांडण मिटवायला पाठवलं होतं. भांडण त्या सफरचंदात अडकलं होतं."

लोक हसले. न्यायाधीशबाईंनी मेजावर पेन वाजवलं. मग झागोर्काला बोलावलं, तेव्हा ती काठी टेकत गेली आणि बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मला त्या पोरावर दावा लावा म्हणून सांगतात," ती म्हणाली. "का लावू? तो काय गोळ्या घेऊन माझ्या घरी आला होता? चौकीने पाठवला, चौकीच्या गाडीतून आला, चौकीचं पिस्तूल चालवलं. बाईसाहेब, माझ्या बैलाने शेजाऱ्याचा मका खाल्ला तर मी जाऊन शेजाऱ्याची समजूत काढते. बैलालाच जाऊन विचारा, असं मी म्हणत नाही!"

"आत्या, मी बैल?" तिहोमिर मागून कळवळला.

"गप रे, तुझ्याच बाजूने बोलतेय!"

आता खुद्द न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. पण सरकारी वकील काही हसला नाही. तो शांतपणे उठला, आणि त्याने एक मोठा फोटो वर धरला. फोटोत तिहोमिर यागोदाच्या गालाची पापी घेत होता, डोक्यावर टोपी नाही, मागे केक आणि उघडी खिडकी.

"हा फोटो त्याच दिवसाचा," तो म्हणाला. "हा शिपाई वधूचा चुलत भाऊ आहे. मुलीच्या घरचा माणूस. इथे चौकी, पोलीस, कर्तव्य यांचा संबंध येतोच कुठे? सरळ गोष्ट आहे. मुलीच्या भावाने, घरचा माणूस म्हणून, आनंदाच्या भरात स्वतःच्याच बहिणीचं सफरचंद पाडलं!"

फोटो बघून दुब्राव्काचा चेहरा पडला. वकील विजयी मुद्रेने मागे वळला, आणि बघतो तर काय, शंभरावर माणसं आ वासून त्याच्याकडे बघतायत, जणू तो सदरा काढून उभा राहिलाय.

मग पेर्सिदा किंचाळली. "काय म्हणालास? काय म्हणालास रे, मेल्या?"

कारण रीत अशी, की मुलीच्या घरच्याने आपल्या सफरचंदावर गोळी झाडायची नाही. कधीच नाही. घरच्यानेच सफरचंद पाडलं म्हणजे घरच्यांनीच सांगितलं, की घेऊन जा बाबांनो, आम्हाला ही पोरगी जड झालीय. अशी मुलगी सासरी खाली मानेने जाते आणि गाव तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाणी रचतं. त्या गुळगुळीत माणसाने भर कोर्टात यागोदाबद्दल हे बोलावं! बाया उठल्या, कांद्याच्या पाती हलू लागल्या, ओग्न्येनचा मामासुद्धा, ज्याने बाक फेकला होता तो, "हा अपमान आहे!" म्हणून ओरडला. न्यायाधीशबाई पेन वाजवून थकल्या.

आणि शेवटच्या बाकावर रादोसाव उभा राहिला. चेहरा लाल मिरचीसारखा.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

"तुम्ही साक्षीदारांत नाही," सरकारी वकील म्हणाला.

"नव्हतो. तू केलंस!" तो तरातरा पुढे आला. न्यायाधीशबाईंनी दुब्राव्काकडे पाहिलं, दुब्राव्काने दोन्ही हातांनी हो-हो केलं, आणि रादोसावला शपथ देण्यात आली.

"बाईसाहेब, माझ्या लेकीला मी जिवापाड जपलं. ती जाऊ नये म्हणूनच एवढी काठी लावली, आता बोलतोच. मग भांडण पेटलं, ती आत रडायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की मी माझ्याच हाताने तिच्या लग्नाचा विचका करतोय. पाहुण्यांतल्या कुणाचा नेम लागत नव्हता. गावात नेमबाज एकच, हा तिहोमिर. पण हा तर आमचा! आमच्यातल्याने ते पाडणं शक्य नाही, मेलो तरी नाही."

"मग तुम्ही त्याच्या कानात काय सांगितलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"म्हटलं, पोरा, टोपीशिवाय तू माझा पुतण्या आहेस, आणि माझ्या पुतण्याने माझ्या लेकीच्या सफरचंदाकडे नुसतं रोखून पाहिलं तरी मी त्याचे हात तोडीन. आत जा. खुंटीवरची टोपी घाल. टोपी घातलीस की तू मुलीकडचा नाहीस, मुलाकडचाही नाहीस. तू सरकार. सरकार कुणाचंच नसतं. मग बाहेर ये आणि भांडण मिटव."

"आणि त्याने टोपी घातली?"

"घातली. बटणंसुद्धा लावली गळ्यापर्यंत. हा पापीचा फोटो त्याच्या आधीचा आहे, आल्या आल्याचा. बघा की, मागे खिडकीतून माझं धुराडं फुटलेलं दिसतंय, पण वर सफरचंद अजून लटकतंय!"

फोटो न्यायाधीशबाईंकडे गेला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो नाकाशी नेला. कोपऱ्यात, काठीच्या टोकाला, बोराएवढं सफरचंद जागच्या जागी होतं.

"त्या दिवशी तुम्ही प्यालेले असाल, मग एवढं सगळं कसं आठवतं?" वकिलाने शेवटचा प्रयत्न केला.

"प्यालेलो होतोच. पण लेकीची अब्रू विसरायला लावील अशी राकिया अजून कुणी गाळलेली नाही."

"थोडक्यात सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे सफरचंद कुणी पाडलं?"

"सरकारने!" रादोसाव गरजला. "सरकारने पाडलं, म्हणून तर माझी लेक ताठ मानेने सासरी गेली. त्याला लग्नातलं सफरचंद पचलं, मग झागोर्काचा पाय का पचत नाही?"

निकाल त्याच दिवशी लागला. शिपायाला चौकीने पाठवलं, तो गणवेशात होता, शांतता राखायला त्याने हत्यार वापरलं. वापरलं ते अडाणीपणाने, पण वापरलं कामावर असताना. सबब गोळी सरकारची, जबाबदारी सरकारची, गरम पाण्याच्या झऱ्यांवर पायाच्या उपचारांचा खर्चही सरकारचा. शिपायाने पुन्हा कधीही फळावर गोळी झाडू नये, अशी समज. तिहोमिर भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. झागोर्का मात्र अजून उभीच.

"आणि माफी, बाईसाहेब?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. "माफी मागायला लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "असता तर लावली असती."

बसमध्ये गाणी झाली, राहिलेली अंडी संपली. झागोर्का खिडकीपाशी बसून हसत होती, पण आतून काहीतरी अडलं होतं. पोर वाचलं, हे खरंच मोठं. तरी ज्याने पाय मोडला त्याने एक शब्द बोलू नये? दुसऱ्या दिवशी कुंपणावर प्लमची भरलेली टोपली दिसली. टोपली ठेवणारा झाडामागे लपला होता, पण पोट बाहेर दिसत होतं.

"रादोसाव, पोट आत घे आणि कॉफी प्यायला ये!" ती ओरडली.

रविवारी तिहोमिर आला. या वेळी तो कुऱ्हाडीकडे गेला नाही. गणवेशात होता, बूट चकाचक, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि टोपी सवयीप्रमाणे हातात. अंगणात येऊन त्याने घसा खाकरला.

"आलास? झालं, आता पुन्हा ते माफ कर आत्या सुरू करू नकोस," झागोर्का दारातून म्हणाली. "कितीदा सांगितलं, तुझी माफी..."

तिहोमिरने टोपी डोक्यावर चढवली. सरळ केली. टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकला.

"श्रीमती झागोर्का," तो म्हणाला, आणि आवाज थरथरू नये म्हणून जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "आमच्या हातून चूक झाली. तुमचा पाय आमच्यामुळे गेला. आणि ते कबूल करायला आम्ही फार वेळ लावला. आम्हाला माफ करा."

झागोर्काकडे एरवी प्रत्येक गोष्टीला टोमणा तयार असायचा. आता मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तिने ते पुसलंही नाही. सरकार अंगणात ताठ उभं होतं, कान लाल, आणि हात अजून टोपीला लागलेला.

"केलं माफ," ती शेवटी म्हणाली. "आता टोपी काढ, पोरा, आणि आत ये. सूप गार होतंय."